रोटर वाकवण्याआधी हब बघा: जुन्या माउंटन बाइकच्या डिस्क ब्रेकमधल्या या चुका टाळा

चाक फिरवलं की कॅलिपरमधून (ब्रेकचा पॅड बसलेला भाग) 'छिस... छिस...' आवाज येतो. मग रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, आउट (वाकडी) आहे असं ठरतं, ॲडजस्टेबल पाना निघतो आणि वाकवावाकवी सुरू होते. नव्या सायकलवर हे एक वेळ चालून जाईल. पण कोन आणि छर्‍यांच्या जुन्या हबवर (चाकाचा मधला भाग; त्यातले छर्रे कोन नावाच्या शंकूसारख्या नटांवर फिरतात) रोटर हा संशयितांच्या यादीत शेवटचा. माझ्याकडे येणाऱ्या 'वाकड्या' रोटरांपैकी बरेचसे मुळात सरळ असतात. ते वाकडे होतात मालकाच्या हातून.

आवाज नीट ऐका. दर फेरीला एकाच जागी घासत असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात, म्हणजे रोटरमध्ये किंवा तो बसतो त्या हबच्या तोंडावर. स्टँडवर शांत, पण रस्त्यावर वजन पडलं किंवा वळण घेतलं की घासत असेल, तर बेअरिंग सैल आहे, नाहीतर चाक ड्रॉपआउटमध्ये (एक्सल बसतो त्या खाचेत) नीट बसलेलं नाही. एक्सल (हबमधला दांडा) वाकला असला तरी रोटर फेरीगणिक डोलणार नाही, कारण एक्सल चाकाबरोबर फिरतच नाही. तिथे रोटर कायम एका बाजूला कललेला दिसतो आणि कोन कितीही जुळवले तरी हब कुठेतरी अडतो किंवा सैल राहतो.

पहिली चूक: बेअरिंगचा प्ले (सैलपणा) न तपासणं. क्विक रिलीज (चाक आवळायची दांडी) आवळा, टायर वरून धरा आणि फ्रेमच्या आडव्या दिशेने हलवा. 'टक' झालं की आधी कोन. त्यासाठी कोनचे पातळ पाने लागतात, बहुतेक 13, 15 किंवा 17 मिमीचे. जाड पाना कोपऱ्यात घुसवून कोनच्या कडा गोल करणाऱ्यांना मी सांगणं सोडून दिलंय. क्विक रिलीज एक्सलला किंचित दाबतो, म्हणून चाक बाहेर असताना अगदी थोडा प्ले ठेवायचा आणि आवळल्यावर तो गेला का ते बघायचं. बाहेरच घट्ट केलेला हब फ्रेममध्ये जड फिरतो आणि छर्रे कोनला खड्डे पाडतात.

दुसरी चूक: हबचं तोंड साफ न करणं. हा माझा खास रागाचा विषय.

एक पोरगा सायकल घेऊन आला. हब सहा बोल्टचा, जुना, पण बेअरिंग झकास. आधीचा रोटर डोलत होता म्हणून त्याने तो इतका वाकवला होता की शेवटी फेकून दिला. नवा आणला. तोही डोलला, म्हणून तोही वाकवला. आता त्याला कॅलिपर बदलायचा होता! मी रोटरच्या मधल्या भागावर आणि शेजारी हबवर मार्करने एक-एक खूण केली, डोलण्याची सर्वांत बाहेरची जागा टिपली, रोटर काढला आणि एक भोक पुढे सरकवून पुन्हा बसवला. बाहेरची जागा रोटरबरोबर पुढे गेली असती तर दोष रोटरचा. ती जवळजवळ हबच्या त्याच बोल्टपाशी राहिली. तिथे नख फिरवलं आणि नख अडलं. कधीतरी कुणीतरी बोल्ट जिवाच्या आकांताने आवळला होता, त्यामुळे आट्यांच्या तोंडाशी ॲल्युमिनियम वर ओढलं जाऊन बारीक कडा उभी राहिली होती. शिवाय बाकी भोकांभोवती जुन्या थ्रेडलॉकचे (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) वाळके पापुद्रे.

एवढीशी कडा काय करणार, असं वाटतं. हिशेब करा. समोरासमोरच्या बोल्टांमध्ये अंतर 44 मिमी, रोटर 160 मिमीचा. बोल्टपाशी 0.1 मिमी उंचवटा असेल तर रोटरच्या काठावर फरक जातो साधारण 0.35 मिमीवर. पॅड आणि रोटरमधली फटच काही दशांश मिमीची असते. असा हब तसाच ठेवून रोटर वाकवणं म्हणजे पाय डुगडुगतो म्हणून टेबलाची फळी तासणं.

मी भोकाच्या तोंडाशी मोठं ड्रिल बिट नुसतं हातात धरून हलकेच फिरवतो, कडा जाईपर्यंतच. मशीन लावायचं नाही. पापुद्रे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो आणि नखाने पुन्हा तपासतो. हबचं तोंड कानशीने घासून 'सपाट' करायला जाऊ नका. हाताने ते सपाट होत नाही, तिरपं होतं.

तिसरी चूक: बोल्ट ओळीने आवळणं. आवळायचे ते समोरासमोर, थोडे-थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. टॉर्क साधारण 4 ते 6 न्यूटन-मीटर, पण कंपनीने दिलेला आकडा अंतिम. अडकलेल्या बोल्टवर टी-25 चा (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचा) पाना ठोकून पूर्ण आत बसवा, आधी थोडी ऊब द्या म्हणजे थ्रेडलॉक मऊ पडतं. घिसापिटा पाना वापरलात तर पुढची संध्याकाळ बोल्टचं डोकं ड्रिल करण्यात जाईल.

चौथी चूक: डोलणाऱ्या रोटरवर कॅलिपर जुळवणं. लिव्हर दाबून धरायचा आणि कॅलिपरचे बोल्ट आवळायचे, ही युक्ती सगळ्यांना पाठ आहे. रोटर डोलत असेल तर कॅलिपर त्या क्षणी आत आलेल्या जागेला जुळतो, उरलेल्या फेरीला घासतो. कॅलिपर सगळ्यात शेवटी.

एवढं सगळं झाल्यावरही डोलत असेल, तर रोटर खरंच वाकडा आहे. आता वाकवा, पण थंड असताना. फोर्कला (पुढच्या चाकाचा चिमटा) किंवा चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) झिप टाय बांधून तिचं टोक रोटरच्या जवळ आणा, मागे पांढरा कागद धरा, जागा टिपा. ट्रूइंग फोर्कने (रोटर वाकवायचं खाच असलेलं हत्यार) अगदी हलका दाब द्या, सोडा, फिरवा, बघा. धातू थोडा परत येतो, म्हणून उतावळे लोक दुसऱ्यांदा दुप्पट जोर लावतात. मग एका वाकाचे दोन होतात. थोडंसं डोलणं राहिलं पण घासत नसेल, तर तिथेच थांबा. मी तरी थांबतो.

उरलेल्या किरकोळ गोष्टी. रोटरच्या ज्या पट्टीवर पॅड घासतात तिला बोटं लावू नका. चेनचा स्प्रे रोटरपासून लांब. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येऊन बसतात. सँडपेपरने डोलणं जात नाही. आणि जुना रोटर सरळ करण्यात तासभर घालवण्याआधी त्याची जाडी मोजा: शिमानोचे बहुतेक रोटर नवे असताना 1.8 मिमीचे असतात आणि 1.5 मिमीला बाद होतात.