मॅग्नेशियमची गोळी कशी निवडावी आणि कशी घ्यावी

डॉक्टरांनी गोळी सुचवली आहे, किंवा रक्ततपासणीत मॅग्नेशियम कमी आले आहे, असे गृहीत धरून हे लिहिले आहे. केवळ पायात पेटके येतात म्हणून कोणी ही गोळी घ्यायला सांगत असेल, तर तिथेच थांबावे. वयस्क माणसांच्या पेटक्यांवर झालेल्या चाचण्यांत मॅग्नेशियम आणि औषध नसलेली गोळी यांच्या परिणामात फारसा फरक दिसलेला नाही, आणि वैशाखात शेतात राबणाऱ्याचे पेटके बहुधा घामावाटे गेलेल्या पाण्यामुळे व मिठामुळे येतात. खरी कमतरता निर्माण होते ती ॲसिडिटीची ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने, लघवी वाढवणाऱ्या काही औषधांनी, लांबलेल्या जुलाबांनी, दारूने किंवा आटोक्यात नसलेल्या मधुमेहाने.

सर्वप्रथम रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे; मूत्रपिंडे कसे काम करतात ते त्यावरून कळते. जास्तीचे मॅग्नेशियम मूत्रपिंडे बाहेर टाकतात, आणि ती दुबळी असतील तर ते रक्तात साचते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या तक्रारी नवीन नाहीत, त्यामुळे तिथल्या माणसाने तरी ही तपासणी टाळू नये.

आता डबी वाचणे. बहुतेकांची फसगत इथेच होते, आणि गोंधळ मुख्यतः छपाईचा असतो. डबीच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिग्रॅ’ असे लिहिलेले असते, पण ते वजन संपूर्ण क्षाराचे, म्हणजे मॅग्नेशियम आणि त्याला जोडलेला दुसरा घटक यांचे मिळून असते. त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम सुमारे १४ टक्के, म्हणजे १४० मिग्रॅच्या आसपास भरते. सायट्रेटमध्ये ते साधारण १६ टक्के आणि ऑक्साइडमध्ये तब्बल ६० टक्के असते. म्हणून डबी उलटी करून मागच्या तक्त्यातील ‘एलिमेंटल मॅग्नेशियम’ ही ओळ शोधावी; मात्रा मोजायची ती त्याच आकड्याने. ती ओळच नसेल तर डबी परत करावी, दुकानदार काहीही म्हणो. त्याच तक्त्यात ‘एक सर्व्हिंग’ म्हणजे किती गोळ्या हेही पाहावे, कारण पुष्कळदा तो आकडा दोन गोळ्यांचा असतो आणि घरी मात्र एकच घेतली जाते.

ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम सर्वांत जास्त आणि किंमत सर्वांत कमी, म्हणून तेच चांगले, हा सल्ला मला मुळीच पटत नाही. ऑक्साइड पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे शरीरात थोडेच शोषले जाते, आणि उरलेले आतड्यात पाणी ओढून पोट सैल करते. बद्धकोष्ठतेसाठी ते घ्यायचे असेल तर गोष्ट वेगळी. मिल्क ऑफ मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, त्याच गुणासाठी वापरतात. कमतरता भरून काढण्यासाठी मात्र सायट्रेट किंवा ग्लायसिनेट घ्यावे. ग्लायसिनेटच्या १००० मिग्रॅमध्ये अडीचशे मिग्रॅ मॅग्नेशियम असल्याचा दावा दिसला, तर त्यात ऑक्साइड मिसळलेले आहे असे समजावे.

मात्रा डॉक्टर ठरवतील ती. स्वतःहून घेणाऱ्या प्रौढाने गोळ्यांतून दिवसाला ३५० मिग्रॅच्या वर जाऊ नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत दिवसाची गरज पुरुषासाठी ४४० आणि स्त्रीसाठी ३७० मिग्रॅ दिली आहे. ती वाचून तेवढ्याच गोळ्या घेणारेही भेटतात. त्या आकड्यात जेवणही धरलेले असते, ३५० ची मर्यादा मात्र फक्त गोळ्यांसाठी आहे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि शेंगदाणे यांतून बराच वाटा येतो, आणि १०० ग्रॅम जवसात सुमारे ३९० मिग्रॅ मॅग्नेशियम असते, त्यामुळे ताटातली जवसाची चटणी दिसते त्याहून कामाची आहे.

गोळी जेवणानंतर घ्यावी. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक चालू असेल तर ते मॅग्नेशियमच्या किमान दोन तास आधी घ्यावे किंवा चार ते सहा तासांनी घ्यावे. थायरॉइडच्या गोळीतही चार तासांचे अंतर ठेवावे. एकत्र घेतल्यास ती औषधे पुरेशी शोषली जात नाहीत.

कपाशीवरच्या लाल्यासाठी, म्हणजे पाने लाल पडण्याच्या विकृतीसाठी, कृषी केंद्रातून आणलेले मॅग्नेशियम सल्फेट घरात पडलेले असते, आणि ‘तेही मॅग्नेशियमच’ म्हणून ते पाण्यात घालून पिण्याचा सल्ला देणारे महाभाग आहेत. ते खत आहे आणि औषधाच्या शुद्धतेचे नाही. गरोदरपणातील झटक्यांसाठी दवाखान्यात देतात ते मॅग्नेशियम सल्फेट शुद्ध इंजेक्शन असते, आणि तेही रुग्णाचा श्वास, लघवी व गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासत द्यावे लागते.

पोट सैल झाले तर मात्रा निम्मी करावी किंवा दिवसातून दोनदा विभागून घ्यावी. हातापायांतली शक्ती गेल्यासारखी वाटली, गुंगी आली किंवा नाडी मंद झाली तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठावा आणि डबी सोबत न्यावी, म्हणजे कोणता क्षार किती घेतला हे डॉक्टरांना विचारत बसावे लागणार नाही.