ड्रॉइंग सोडण्याआधी नट-बोल्टचं काय काय लिहायचं

ड्रॉइंगवर नुसतं ‘एम12 बोल्ट (12 मिमी व्यासाचा), 4 नग’ लिहिलं की उरलेलं सगळं दुसरेच ठरवतात. खरेदीवाला मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जातो, दुकानात जे शिल्लक असेल ते घेऊन येतो आणि फिटर आपल्या हाताच्या अंदाजाने आवळतो. त्यात त्यांची चूक नाही, कारण आपण त्यांना काही सांगितलेलंच नसतं. म्हणून शीटवर सही करण्याआधी थोडा वेळ फक्त नट-बोल्टसाठी राखून ठेवा.

आधी बोल्टचं पूर्ण नाव लिहा: एम12, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.75 मिमी, लांबी 50 मिमी, आयएस 1364 (भारतीय मानक), ग्रेड (ताकदीचा वर्ग) 8.8. अर्धे आटे हवेत तर त्या मानकाचा भाग 1, डोक्यापर्यंत आटे हवेत तर भाग 2. नुसतं ‘एचटी’ (हाय टेन्साइल) लिहू नका, 8.8, 10.9 आणि 12.9 या तिघांनाही बाजारात एचटीच म्हणतात. नटचा क्लास आणि वॉशरही त्याच ओळीत येऊ द्या. भोक 13.5 मिमी ठेवा, अचूक जुळणी हवी असेल तर 13. ॲल्युमिनियममध्ये आटे पाडणार असाल तर पकड (आट्यांत बसलेली बोल्टची लांबी) व्यासाच्या दुप्पट धरा. पोलादात व्यासाइतकी साधारण पुरते.

आता टॉर्क, म्हणजे आवळताना लावायचा पिळाचा जोर. इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण आटे कोरडे की तेल लावलेले हे लिहिलं नसेल तर टॉर्कच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. एम12, 8.8 बोल्ट 85 न्यूटन-मीटरने आवळला आणि टॉर्कचा गुणक (घर्षणानुसार बदलणारा नट फॅक्टर) 0.2 धरला, तर बोल्टमध्ये सुमारे 35 किलोन्यूटन ताण येतो. आट्यांना तेल लागून गुणक 0.15 झाला की त्याच 85 ला ताण 47 किलोन्यूटनवर जातो. या बोल्टचा प्रूफ लोड (कायमचा न ताणला जाता सोसेल तेवढा भार) आहे जेमतेम 49! टॉर्क रेंच दोन्ही वेळा सारखाच ‘टक्’ करतो, फिटरला फरक कळायला मार्गच नाही. तेव्हा ‘85 न्यूटन-मीटर, कोरडे आटे’ असं पूर्ण लिहा आणि कोटिंग बदललं की आकडा पुन्हा काढा.

कोटिंगचंही तसंच. 12.9 ला इलेक्ट्रोप्लेटिंगचं झिंक सांगू नका. हायड्रोजन आत शिरून बोल्ट आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी तुटू शकतो. झिंक फ्लेक (झिंकच्या पापुद्र्यांचा, प्लेटिंगशिवायचा लेप) सांगा. वरळी-वांद्र्याच्या खाऱ्या वाऱ्यात, गच्चीवर बसणाऱ्या मशीनला ए2 ऐवजी ए4 स्टेनलेस घ्या, आणि आटे एकमेकांत जाम होऊ नयेत म्हणून अँटी-सीझ पेस्ट लावायची नोंद करा. त्या पेस्टनेही घर्षण कमी होतं, म्हणजे टॉर्क पुन्हा तपासा.

कंपन असेल तर स्प्रिंग वॉशरवर विसंबू नका. आडव्या कंपनाने जोड कसा सैल होतो हे जर्मनीच्या युंकर यांनी 1969 मध्येच दाखवलं होतं. तशा कंपनात स्प्रिंग वॉशर फारसा टिकाव धरत नाही. वेज-लॉक वॉशर (उताराच्या दातांची जोडी) किंवा थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा चिकट द्रव) लिहा. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) चालेल, पण साधारण 120 अंश सेल्सियसच्या खालीच.

पाना फिरायला आणि टॉर्क रेंचचं सॉकेट बसायला जागा आहे का, हे मॉडेलमध्ये प्रत्यक्ष फिरवून बघा. फ्लँज (गोलाकार बोल्ट लावून जोडायची कड) असेल तर बोल्टना क्रमांक द्या, समोरासमोर आवळण्याचा क्रम लिहा, आणि पूर्ण टॉर्क एका दमात न देता दोन-तीन टप्प्यांत द्यायला सांगा. शेवटच्या टप्प्यानंतर नटावरून जोडलेल्या भागापर्यंत पेंटची रेघ मारायची, हेही नोट्समध्ये टाका.