मिस्टर जॅक खेळताना या चुका टाळा

'मिस्टर जॅक' हा बोर्डगेम मोठ्या हौसेनं घरी येतो, दोन-तीन डाव होतात आणि मग खोका कपाटावर जाऊन बसतो. पुण्यात हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. कारण विचारलं की तक्रारी दोनच ऐकू येतात. कुणी म्हणतं, "दरवेळी जॅकच जिंकतो." कुणी म्हणतं, "काहीही करा, डिटेक्टिव्हच जिंकतो." एकाच खेळाबद्दल या दोन्ही तक्रारी येत असतील तर दोष खेळाचा नाही. एक तर कुठला तरी नियम उलटा वाचला गेलेला असतो, नाहीतर नेमकं काय शोधायचं आहे तेच हुकलेलं असतं. दोघांतच रंगणारे तर्काचे खेळ मुळात थोडे. त्यातला इतका चांगला खेळ धूळ खात पडलेला बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी थोडक्यात खेळ. ब्रुनो काताला आणि लुडोविक मोब्लाँ या जोडीनं तो तयार केला, २००६ साली तो बाजारात आला. पट म्हणजे लंडनमधला व्हाइटचॅपल भाग, साल १८८८. त्या वर्षी ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात तिथल्या पाच बायकांचे खून झाले. ते जॅक द रिपरनं केले असं मानतात, पण हा जॅक कोण ते कधीच उघड झालं नाही. खेळाडू दोन, एक जॅकवाला आणि एक डिटेक्टिव्ह. खेळात आठ सोंगट्या (होम्स, वॉटसन, लेस्ट्रेड, स्मिथ, गल, गुडली, बर्ट आणि मिस स्टेल्थी) आणि आठ फेऱ्या. तेवढ्यात डिटेक्टिव्हनं जॅकला पकडलं तर तो जिंकला, नाहीतर जॅक. आठ पत्त्यांतला एक पत्ता जॅकवाला गुपचूप उचलतो, त्यावर जो असेल तो जॅक. कोण हलणार ते चालीच्या वेगळ्या आठ पत्त्यांवरून ठरतं. दर फेरीत चार सोंगट्या हलतात आणि शेवटी एकच प्रश्न विचारला जातो, जॅक दिसतोय की नाही? पेटलेल्या गॅसबत्तीच्या शेजारच्या घरात असेल, दुसऱ्या कुठल्याही सोंगटीला लागून असेल किंवा वॉटसनच्या कंदिलाच्या झोतात असेल तर तो दिसतो. बाकीचे अंधारात. "दिसतोय" म्हटलं की अंधारातले सगळे निर्दोष ठरतात, "नाही" म्हटलं की उजेडातले.

माणसाच्या मागे धावू नका

सगळ्यात मोठी चूक ही. नवा डिटेक्टिव्ह पहिल्या फेरीपासून कुणावर तरी डोळा ठेवतो. बहुतेक वेळा सर विल्यम गलवर, कारण त्याचं नाव कुठेतरी वाचलेलं असतं. गल हा राणी व्हिक्टोरियाचा खराखुरा डॉक्टर होता आणि पुढे काही लोकांनी त्याच्यावर संशयही घेतला. पण इथे जॅकचा पत्ता पिसून काढलेला आहे. गल जॅक असण्याची शक्यता आठात एक, होम्सचीही तेवढीच. हो, खुद्द शेरलॉक होम्सही जॅक निघू शकतो, आणि पहिल्या डावात हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

डिटेक्टिव्हचं काम माणूस ओळखण्याचं नाही, गर्दी दुभागण्याचं आहे. आठांतले चार उजेडात आणि चार अंधारात असले, तर उत्तर काहीही येवो, चार सुटतात. मग चाराचे दोन, दोनाचा एक. तीन फेऱ्यांत जॅक उघडा पडतो. जॅकवाला हे सुखासुखी होऊ देत नाही म्हणून तर आठ फेऱ्या लागतात.

एक फेरी जवळून बघू. समजा तिसरी फेरी चालू आहे आणि पाच संशयित उरले आहेत: होम्स, स्मिथ, गल, गुडली आणि बर्ट. गुडली एका बत्तीपाशी उभा आहे, बाकी चौघे अंधारात. डिटेक्टिव्हच्या वाट्याला शेवटची चाल आली आहे जेरेमी बर्टची. आत्ता आहे तसंच ठेवून प्रश्न विचारला आणि "नाही" असं उत्तर आलं, तर एकटा गुडली सुटणार. फेरी जवळजवळ वाया. पण बर्टला उचलून गलच्या शेजारी नेऊन ठेवला, तर एका चालीत दोघं उजेडात येतात, कारण लागून उभे असलेले दोघंही एकमेकांना दिसतात. आता गुडली, गल, बर्ट उजेडात आणि होम्स, स्मिथ अंधारात. उत्तर काहीही आलं तरी दोन किंवा तीनच उरतील. बर्ट कुणाचा पाठलाग करत नाहीये, तो फक्त गर्दीचे भाग पाडतोय. हे एकदा पटलं की खेळाचं रूपच पालटतं.

यासाठी निर्दोष ठरलेल्या सोंगट्याही तितक्याच कामाच्या. पुष्कळ जण त्या उलटल्या की त्यांच्याकडे बघणंच सोडून देतात. पण निर्दोष वॉटसनच्या शेजारी उभा असलेला संशयितही दिसतोच. अंधार वाढत गेला की या निर्दोष मंडळींचाच उजेड उरतो.

जॅकवाल्याची चूक याच्या बरोबर उलटी. तो प्रत्येक फेरीत आपल्या सोंगटीला अंधारात पळवतो. दोन फेऱ्यांत समोरच्याला कळतं की हा त्या एकाच सोंगटीसाठी जीव टाकतोय. जॅकला अंधार हवा, पण त्याहून जास्त हवी गर्दी. सहा संशयित दिसत असतील आणि दोन अंधारात असतील, तर खुशाल त्या सहांत राहा. दोनच सुटतील, पाच जणांच्या आड तुम्ही झाकलेले राहाल.

नियम जिथे घसरतात

काही जण समजतात की जॅकवाल्यानं जॅकला हलवायचं आणि डिटेक्टिव्हनं बाकीच्यांना. तसं नाही. दोघंही कुठलीही सोंगटी हलवतात, ज्याच्या हातात ज्याचा पत्ता येईल त्यानं.

पाळीचा क्रम एक-दोन-एक. विषम फेरीत डिटेक्टिव्ह पहिला पत्ता घेतो, जॅकवाला पुढचे दोन, उरलेला चौथा डिटेक्टिव्हकडे. सम फेरीत हेच उलट, पहिला आणि शेवटचा जॅकवाल्याकडे. म्हणजे विषम फेरीत प्रश्नाआधीची शेवटची चाल डिटेक्टिव्हची, सम फेरीत जॅकची. मात्र ती चाल कुठल्या सोंगटीनं करायची हे मधले दोन पत्ते उचलणारा ठरवतो, कारण काय उरवायचं ते त्याच्या हातात असतं. मधल्या दोन चाली करताना "मी काय घेऊ" याइतकाच "मी काय सोडू" हा विचार करायला हवा.

आता पत्ते पिसण्याची चूक, जी मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. लोक प्रत्येक फेरीनंतर चालीचे आठही पत्ते गोळा करून पिसतात. पिसायचे ते दोन फेऱ्या झाल्यावर. विषम फेरीत चार पत्ते उघडतात, सम फेरीत राहिलेले चार. विषम फेरी चालू असतानाच पुढच्या फेरीत कोण येणार हे दोघांनाही पक्कं माहीत असतं. अर्धा खेळ याच माहितीवर उभा आहे. दरवेळी पिसलंत तर तर्क संपला आणि नशीब उरलं. कोथरूडला आमच्याकडे माझी आई आणि भाचा खेळतात. आईचा उभा जन्म मेंढीकोट खेळण्यात गेला आहे, कुठली पानं पडली आणि कुठली हातात आहेत हे तिला आपोआप कळतं. तिसऱ्या डावाला ती भाच्याला म्हणाली, "अरे, लेस्ट्रेड पुढच्या फेरीत येतोय, आत्ता इथे कशाला चाल फुकट घालवतोस?" तो बघतच राहिला. मेंढीकोट खेळताना जशी पानं मोजता, तशीच इथे मोजा.

सोंगट्यांची खास कामं ऐच्छिक नाहीत. स्मिथला एक बत्ती हलवावीच लागते, बर्टला एका मॅनहोलचं झाकण दुसरीकडे न्यावंच लागतं, लेस्ट्रेडला नाकाबंदी बदलावीच लागते. हे सक्तीचं आहे म्हणूनच नको असताना गळ्यात पडलेला पत्ता त्रास देतो. चालही सक्तीची, किमान एक घर. अपवाद फक्त गल. तो चालण्याऐवजी कुणाशी तरी जागा बदलू शकतो.

होम्स चालून झाला की जॅकचा पत्ता काढून उरलेल्या सातांतला एक, म्हणजे एका निर्दोषाचा पत्ता, गुपचूप बघायला मिळतो. तो बघायचा आणि स्वतःपाशी झाकून ठेवायचा, सोंगटी उलटायची नाही. डिटेक्टिव्हला काय माहीत आहे हे जॅकला कळता कामा नये. जॅकवालाही होम्स उचलून तो पत्ता स्वतःकडे घेऊ शकतो. समोरच्याला माहिती मिळू न देणं हेही काम आहेच.

आणि बत्त्या. पहिल्या चार फेऱ्यांच्या शेवटी आकड्याप्रमाणे एकेक बत्ती पटावरून जाते. आधी प्रश्न, मग बत्ती काढायची. उलटं केलंत तर त्या फेरीचं उत्तरच चुकतं.

निसटणारा जॅक

"जॅकच जिंकतो" म्हणणाऱ्यांचं घोडं बहुतेक इथे पेंड खातं. मागच्या प्रश्नाला "दिसत नाही" असं उत्तर आलं असेल, तरच जॅक पटाच्या कोपऱ्यातल्या वाटेनं पळू शकतो, आणि तेही जॅकवाल्यानं स्वतः त्याचा पत्ता खेळला तर. चार वाटांपैकी दोन नाकाबंदीनं अडवलेल्या असतात. पहिल्या फेरीत पळता येत नाही.

धोका असतो विषम फेरी संपताना. उत्तर "नाही" आलं की पुढची सम फेरी जॅकवाला सुरू करतो. त्याची सोंगटी राहिलेल्या चारांत असली आणि उघड्या वाटेच्या टप्प्यात असली, तर पहिल्याच चालीत तो गेला. डिटेक्टिव्हला मध्ये हात घालायला जागाच नाही. म्हणून विषम फेरीची शेवटची चाल करण्याआधी एवढं बघाच: पुढच्या चारांत संशयित कोण, त्यांतलं अंधारात कोण, आणि वाटेपासून तीन घरांच्या आत कोण. मिस स्टेल्थीला चार घरं मिळतात आणि ती इमारतींतूनही जाते, तिचं अंतर वेगळं मोजा. मॅनहोल विसरू नका. एका उघड्या मॅनहोलमधून दुसऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये जाणं एकच घर धरलं जातं, दोन्ही पटाच्या दोन टोकांना असली तरी. "लांब आहे तो" म्हणून ज्याला सोडून दिलं, तो बहुतेक वेळा गटारातूनच निसटलेला असतो.

असा एखादा संशयित दिसला तर गर्दी दुभागण्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवा आणि त्याला उजेडात आणा. तोच जॅक असला तर उत्तर "दिसतोय" येणार आणि पुढच्या फेरीत त्याला पळता येणार नाही.

साक्ष चुकली तर

जॅकवाल्यानं नकळत चुकीचं उत्तर दिलं तर अख्खा डाव नासतो. हे घडतं कारण तो एकट्यानं, मनातल्या मनात, फक्त आपली सोंगटी तपासतो. त्यात आणखी एक तोटा आहे, नजर कुठे जातेय हे समोरच्याला दिसतं.

उपाय सोपा आहे. उत्तर देण्याआधी डिटेक्टिव्हनं आठही सोंगट्यांवर बोट ठेवून मोठ्यानं म्हणायचं: होम्स अंधारात, स्मिथ बत्तीपाशी, गल आणि बर्ट शेजारी शेजारी. समोरच्यानं हरकत असली तर तिथेच घ्यायची, कुठल्याही सोंगटीबद्दल, आपल्या सोंगटीबद्दलच नाही. सगळ्यांवर एकमत झालं की मगच उत्तर. वॉटसन स्वतःच्या कंदिलाच्या उजेडात येत नाही हे इथे हमखास विसरलं जातं. त्याला कुणी हलवलं की कंदिलाचं तोंड कुठे केलं ते लगेच बोलून दाखवा. कॅफेत गोंगाट असतो आणि टेबल लहान असतं, तिथे तर ही सवय हवीच.

चूक दोन फेऱ्यांनंतर ध्यानात आली तर मागे जाऊन दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. निर्दोष कोण हेच बिघडलेलं असतं. डाव मोडा आणि नवा मांडा, अर्ध्या तासाचा तर खेळ आहे.

आरोप तोंडानं होत नाही

"गुडलीच जॅक आहे!" असं ओरडून कुणी जिंकत नाही. आरोप करायचा तर एखादी सोंगटी चालवत संशयिताच्या घरात न्यावी लागते. नुसतं कळून भागत नाही, तिथवर पोहोचायलाही हवं. आठव्या फेरीत जॅक कोण हे शंभर टक्के ठाऊक आहे, पण हातातली सोंगटी चार घरं लांब आहे, अशा वेळी जॅक जिंकतो. म्हणून सहाव्या-सातव्या फेरीपासून आपल्या सोंगट्या संशयितांच्या आसपास ठेवायला लागा. आणि चुकीच्या माणसावर आरोप केला की डाव तिथेच जॅकच्या खिशात. दोन संशयित उरलेले असताना अंदाजावर झडप घालण्यापेक्षा, फेऱ्या शिल्लक असतील तर एकाला उजेडात आणि एकाला अंधारात ठेवून प्रश्न विचारलेला बरा.

पत्ते जपा

पुण्याच्या पावसाळ्यात हवा दमट असते आणि पत्ते वाकतात. इतर खेळांत हे चालून जातं, इथे नाही. जॅकचा पत्ता आठांतून उचलायचा असतो. त्यांतल्या एकाचा जरी कोपरा मुडपलेला असला, तरी दोन-चार डावांत दोघांनाही तो पाठीवरून ओळखू येतो आणि शोधायला काही उरतच नाही. आठही पत्त्यांना एकाच वेळी, एकाच जातीची, मागून अपारदर्शक पाकिटं घाला. एखादाच पत्ता खराब झाला असेल तर तेवढाच बदलू नका. अप्पा बळवंत चौकातून जाड कार्डशीटचा एक तक्ता आणा, त्यातून आठ सारखे तुकडे कापा आणि नावं पेनानं लिहा. पेन मात्र मागे उमटणार नाही असं घ्या.