संरक्षित ओकच्या छाटणीचा अर्ज असा मंजूर झाला

इंग्लंडमध्ये मागच्या अंगणातल्या ओकच्या झाडावर ट्री प्रिझर्व्हेशन ऑर्डर होती, म्हणजे स्थानिक कौन्सिलच्या परवानगीशिवाय ते छाटता येत नाही. ‘फांद्यांचा घेर ३० टक्के कमी करणे’ एवढंच लिहिलेला अर्ज कौन्सिलने नोंदवून घेतला नाही. बरोबरच आहे, टक्क्यांवरून नेमकं काय कापणार ते कळत नाही.

मग लिहिलं: ‘घराकडच्या फांद्या २ मीटरने आखूड करणे, कापाचा व्यास ७५ मिलिमीटरच्या आत.’ नकाशात झाडाला टी१ क्रमांक दिला, पन्हळीवर घासून साल गेलेल्या फांदीचा फोटो जोडला. झाड आजारी असल्याचं कारण दिलं तर तज्ज्ञाचा लेखी अहवाल लागतोच. फी नाही. निर्णयाला ८ आठवडे, नकार आला तर अपील २८ दिवसांत. कॉन्झर्व्हेशन एरियातल्या (वास्तू किंवा इतिहासामुळे जपलेल्या भागातल्या), ऑर्डर नसलेल्या झाडाला मात्र ६ आठवडे आधी सूचना दिली की पुरतं.