जुन्या पीसीवर युद्धनीतीचे गेम? आधी रॅम बघा

गेम अडखळला की लोक थेट ग्राफिक्स कार्ड आणायला बेळगाव गाठतात. पाळीपाळीने चालणाऱ्या युद्धनीतीच्या गेमला बहुधा त्याची गरजच नसते. आधी रॅम, म्हणजे पीसीची तात्पुरती कामाची मेमरी, पुरेशी आहे का ते बघा.

१. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी: रॅमच्या पट्ट्या बसवायचे किती स्लॉट (खाचा) वापरात आहेत ते दिसेल.

२. ४ जीबीची एकच पट्टी असेल तर त्याच प्रकारची, त्याच वेगाची दुसरी लावा. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या वेगळ्या पिढ्या; डीडीआर३ च्या स्लॉटात डीडीआर४ बसत नाही. विंडोज ३२-बिट असेल तर वाढीव रॅम वायाच, कारण ती साधारण ४ जीबीपर्यंतच रॅम वापरते. ६४-बिट नव्याने टाकावी लागेल, आधी सेव्ह फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या.

३. हार्ड डिस्कऐवजी साटा एसएसडी (त्याच साटा जोडणीवर चालणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क). लोडिंग झटपट होतं. शत्रूची चाल मात्र प्रोसेसरच्याच वेगाने.

खानापूरकडच्या दमट पावसाळ्यात पट्टीचे सोनेरी संपर्क काळवंडतात. पीसीचा प्लग काढून, पट्टी बाहेर घेऊन खोडरबराने हलकेच पुसा.