कंट्रोल-एस दाबलं की विम गोठतो: माझा अनुभव

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात विम आणि नॅनो या टर्मिनलमधल्या (कमांड टाइप करायच्या खिडकीतल्या) दोन टेक्स्ट एडिटरवाल्यांची रोजच जुंपते. जुन्या सर्व्हरवर विममध्ये फाइल सेव्ह करायला नॅनोच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं, की स्क्रीन गोठते. एस्केप, कंट्रोल-सी, काहीच चालत नाही. खिडकी बंद केली तर पुढच्या वेळी स्वॅप फाइलची (सेव्ह न केलेल्या बदलांसाठी विमने ठेवलेल्या तात्पुरत्या फाइलची) सूचना. नेटवर्कला दोष देण्यात अख्खी दुपार गेली, फार वैताग आला.

खरं तर विम चालूच असतो. टेलिप्रिंटरच्या काळापासून टर्मिनलसाठी कंट्रोल-एस म्हणजे ‘आउटपुट (स्क्रीनवर लिहिणं) थांबव’.

आधी कंट्रोल-क्यू दाबा, स्क्रीन हलते. सांभाळा: गोठलेलं असताना दाबलेल्या कळा विमपर्यंत पोचलेल्या असतात, म्हणून बदल नीट बघूनच सेव्ह करा.

कायमचा उपाय: होम फोल्डरमधली डॉट-बॅशआरसी (कमांड चालवणाऱ्या बॅश शेलच्या सेटिंगची फाइल) उघडा. अगदी शेवटी एस-टी-टी-वाय, स्पेस, वजा चिन्ह आणि त्याला चिकटून आय-एक्स-ओ-एन लिहा, सगळी छोटी अक्षरं. ही कमांड कंट्रोल-एसचं ते थांबवणं बंद करते. त्याच्या वर ‘शेल इंटरॅक्टिव्ह (माणूस समोर बसून वापरतोय असं) नसेल तर परत फिर’ ही तपासणी असायलाच हवी, नाहीतर एससीपी (नेटवर्कवरून फाइल कॉपी) करताना त्रुटी दिसते. मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा.

आता विम गोठत नाही. पण कंट्रोल-एसने सेव्ह व्हायला विमआरसीत (विमच्या सेटिंगच्या फाइलीत) वेगळं मॅपिंग (कळेला काम जोडून देणं) लागतं. आमच्या नॅनोवाल्यांनी ते लगेच टाकून घेतलं.