घरच्या एस्प्रेसोसाठी ग्राइंडर कसा निवडावा

घरी एस्प्रेसो करायचे ठरले की बहुतेकांचे सगळे लक्ष मशीनकडे लागते आणि ग्राइंडरचा विचार उरलेल्या पैशांत उरकला जातो. माझे मत याच्या नेमके उलट आहे: आधी ग्राइंडर ठरवावा आणि मग मशीन पाहावे. मशीनचे काम तसे सरळ असते. ठरावीक तापमानाचे पाणी साधारण 9 बार दाबाने पुढे ढकलणे, एवढेच त्याला करायचे असते. त्या पाण्याला अडवण्याचे काम मात्र बास्केटमध्ये, म्हणजे मशीनला जोडायच्या छिद्रांच्या तळाच्या धातूच्या वाटीत, दाबून बसवलेल्या कॉफीच्या पुडीला एकटीला करावे लागते. 18 ग्रॅम पुडीतून सुमारे 36 ग्रॅम पेय 25 ते 30 सेकंदांत उतरावे, हा सुरुवातीसाठी सर्वमान्य आडाखा आहे, आणि तो साधतो की नाही हे सर्वांत जास्त दळणावर अवलंबून असते.

खरेदीला निघण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी. आपल्या मशीनसोबत आलेले बास्केट प्रेशराइज्ड, म्हणजे दुहेरी तळाचे, आहे की साधे? दुहेरी तळाच्या बास्केटमध्ये आतल्या बाजूला पुष्कळ छिद्रे दिसतात, पण बाहेरच्या तळाला एकच बारीक छिद्र असते आणि पाण्याला अडवण्याचे काम तेच करते. अशा बास्केटमध्ये बाजारातून दळून आणलेली पूडही चालून जाते आणि उत्तम ग्राइंडरचा फायदा फारसा जाणवत नाही. साध्या बास्केटमध्ये मात्र सगळा अडथळा पुडीनेच निर्माण करायचा असतो. पुढचे सर्व विवेचन साधे बास्केट वापरणाऱ्यांसाठी, किंवा लवकरच त्याकडे वळणाऱ्यांसाठी आहे.

पात्याचा ग्राइंडर, म्हणजे मिक्सरसारखे गरगर फिरणारे पाते असलेला, या कामातून सरळ वगळावा. त्यात दाणे दळले जात नाहीत, तुटत राहतात. काही कण वस्त्रगाळ होतात तर काही भरड राहतात, आणि वेळ वाढवला तरी ही तफावत पुरेशी मिटत नाही. एस्प्रेसोसाठी बर्र असलेला ग्राइंडरच हवा. बर्र म्हणजे समोरासमोर बसवलेली दोन दातेरी पाती, ज्यांतले एक फिरते आणि दुसरे स्थिर राहते. त्यांच्यामधले अंतर कमी-जास्त करून दळण बारीक किंवा जाड करता येते. तत्त्व जात्याचेच आहे.

बारीक दळणे पुरेसे नाही

निवडीतला खरा मुद्दा येथे आहे. अनेक ग्राइंडरांवर ‘एस्प्रेसोसाठी योग्य’ असे लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते, कारण तितके बारीक दळण त्यांत निघते. पण ग्राइंडर किती बारीक दळतो यापेक्षा दळणात किती लहान फरक करता येतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या ग्राइंडरवर 7 हा आकडा ठेवला की 36 ग्रॅम पेय 19 सेकंदांत उतरते. धार पातळ आणि फिकट असते, चवीला आंबटपणा येतो. आकडा 6 वर आणला की तेवढ्याच पेयाला 41 सेकंद लागतात. सुरुवातीला थेंब थेंब पडतो आणि शेवटी कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. आपल्याला हवे असलेले 28 सेकंद या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहेत, पण तेथे थांबण्याची सोयच या ग्राइंडरमध्ये नाही. मग माणूस पूड अर्ध्या ग्रॅमने वाढवतो किंवा घटवतो. हा उपाय काही प्रमाणात लागूही पडतो, परंतु रोज तोच आधार घ्यावा लागत असेल तर तो ग्राइंडर एस्प्रेसोसाठी अपुरा आहे असे समजावे. शिवाय कॉफी भाजून जसजसे दिवस जातात तसतसे तेच दळण पाण्याला कमी अडवू लागते आणि आकडा थोडा थोडा बारीककडे न्यावा लागतो. नवी पिशवी उघडली की पुन्हा सगळे जुळवावे लागते. म्हणजे ही लहान फरकांची गरज एकदा भागवून संपणारी नाही.

म्हणून खरेदी करताना एस्प्रेसोच्या पट्ट्यात, म्हणजे एस्प्रेसोला लागणाऱ्या बारीक दळणाच्या टप्प्यात, किती पायऱ्या (थांबायच्या जागा) मिळतात हे विचारावे. एकूण पायऱ्यांचा आकडा फसवा असतो. बराट्झाच्या एन्कोर ईएसपी या ग्राइंडरमध्ये एकूण 40 पायऱ्या आहेत, पण त्यांतल्या पहिल्या 20 मुद्दाम एस्प्रेसोसाठी जवळजवळ ठेवलेल्या आहेत आणि उरलेल्या 20 फिल्टर कॉफीसाठी, म्हणजे दाबाशिवाय गाळून केलेल्या कॉफीसाठी, मोठ्या अंतराच्या आहेत. हा विचार योग्य आहे. याउलट 40 पायऱ्यांपैकी जेमतेम दोन-तीनच एस्प्रेसोच्या कामाच्या असतील, तर बाकीच्या आपल्याला उपयोगाच्या नाहीत.

हाताने फिरवायच्या ग्राइंडरांत ही गोष्ट मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, सांगितली जाते. कोमांडांटे सी40 मध्ये एका क्लिकला, म्हणजे एका पायरीला, बर्र सुमारे 30 मायक्रॉन सरकतो, तर वनझेडप्रेसोच्या जे-मॅक्समध्ये सुमारे 8.8 मायक्रॉन. पहिला ग्राइंडर फिल्टर कॉफीसाठी नावाजलेला आहे, पण एस्प्रेसोसाठी त्याची पायरी मोठी पडते, आणि म्हणूनच ती निम्मी करणारा जोडभाग वेगळा मिळतो. हे आकडे वाचताना एक भान ठेवावे. बर्र 10 मायक्रॉन सरकला म्हणजे कणांचा आकार 10 मायक्रॉनने बदलला असे नव्हे. शंकूच्या आकाराच्या बर्रमध्ये पात्यांमधली फट त्याच्या उताराप्रमाणे त्याहून कमीच बदलते. तरीही ढोबळ तुलनेसाठी हे आकडे उपयोगी आहेत.

पायऱ्या नसलेला, म्हणजे स्टेपलेस, ग्राइंडर या अडचणीतून मुक्त असतो, कारण त्यात कुठेही थांबता येते. एकाच प्रकारे, रोज एस्प्रेसोच करणाऱ्यासाठी मी त्यालाच पसंती देईन. सकाळी एस्प्रेसो आणि संध्याकाळी फिल्टर अशी सवय असेल, तर मात्र स्टेपलेस चकती प्रत्येक वेळी फिरवून नेमक्या जुन्या जागी आणणे त्रासदायक होते. अशा घरी फिल्टरसाठी एक साधा हँड ग्राइंडर वेगळा ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

जितके बारीक तितके चांगले, ही समजूतही येथेच सोडून द्यावी. 2020 मध्ये ‘मॅटर’ या शोधपत्रिकेत गणितज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने एस्प्रेसोवरचे संशोधन प्रसिद्ध केले. एका मर्यादेपलीकडे दळण बारीक केले की पाणी सगळ्या थरातून सारखे जात नाही, त्यामुळे कॉफीतला अर्क वाढण्याऐवजी कमी उतरतो आणि दोन कपांमध्ये सारखेपणा राहत नाही, असे त्यांना आढळले. आपली मर्यादा कोठे आहे हे शोधायचे तर पुन्हा लहान पायऱ्याच लागतात.

सपाट की शंकू

बर्र दोन प्रकारचे असतात. सपाट बर्र म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन दातेरी कड्या. घरगुती ग्राइंडरांत त्यांचा व्यास साधारण 50 ते 64 मिलिमीटर असतो. शंकूच्या प्रकारात दातेरी शंकू एका कड्याच्या आत फिरतो. सपाट बर्रने केलेल्या एस्प्रेसोत चवी अधिक सुट्या आणि स्पष्ट लागतात, तर शंकूच्या बर्रने पेयाला दाटपणा आणि भारदस्तपणा येतो, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हा कल खरा आहे, पण तो नियम नाही. दातांची घडण बदलली की निकाल बदलतो. गडद भाजलेली कॉफी दुधासोबत पिणाऱ्याने या वादात फार वेळ घालवू नये. हलक्या भाजणीचे दाणे ज्यांना आवडतात त्यांनी मात्र सपाट बर्रचा गांभीर्याने विचार करावा.

माझ्या मते प्रकारापेक्षा बर्र किती सरळ बसवले आहेत याला जास्त महत्त्व आहे. दोन पाती एकमेकांना काटेकोर समांतर नसतील तर एका बाजूची फट मोठी आणि दुसऱ्या बाजूची लहान राहते. एकाच वेळी भरड आणि वस्त्रगाळ पूड बाहेर येते. सपाट बर्रमध्ये हे घरीही तपासता येते. ग्राइंडरची वायर भिंतीतून काढून ठेवावी, एका बर्रच्या बाहेरच्या कडेला व्हाइटबोर्डवर लिहायच्या, सहज पुसल्या जाणाऱ्या मार्करने रंग द्यावा, जोडणी पूर्ण करून बर्र एकमेकांना अलगद टेकतील इतके जवळ आणावेत आणि हाताने एखादा फेरा द्यावा. उघडल्यावर रंग सगळीकडून सारखा पुसला गेलेला दिसला तर जुळणी उत्तम आहे. एकाच बाजूचा पुसला गेला असेल तर बर्र तिरका बसला आहे. हँड ग्राइंडर पाहताना मधला दांडा दोन बेअरिंगांत धरलेला आहे का, आणि हलवल्यास डुगडुगतो का, हे पाहावे. स्वस्त सिरॅमिक बर्रच्या ग्राइंडरांत हा दोष हमखास आढळतो.

आत अडकून राहणारी पूड

दळलेल्या पुडीतली थोडी पूड ग्राइंडरच्या आत राहून जाते आणि दुसऱ्या दिवशी ताज्या पुडीत मिसळते. यात शिळेपणाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे आकडा बदलल्यावर पहिली काही ग्रॅम पूड जुन्याच आकड्याची निघते, आणि आपण चुकीच्या कपावरून चुकीचा निष्कर्ष काढतो. वर मोठा हॉपर, म्हणजे दाणे साठवायचे भांडे, असलेल्या ग्राइंडरांत आकडा बदलल्यावर थोडी पूड दळून टाकून द्यावी लागते. दिवसाला दोन-चार कप करणाऱ्या घरासाठी सिंगल डोस प्रकार, म्हणजे प्रत्येक वेळी मोजून दाणे टाकायचा, मला अधिक योग्य वाटतो. त्याची परीक्षा सोपी आहे: 18 ग्रॅम दाणे टाकून किती पूड बाहेर येते ते वजनकाट्यावर पाहावे. घट रोज एक-दोन दशांश ग्रॅमच्या आत राहत असेल तर ग्राइंडर चांगला आहे.

दळताना घर्षणाने स्थिर विद्युत निर्माण होते, पूड उडते आणि गोळे धरते. दळण्यापूर्वी दाण्यांवर पाण्याचा एखादाच सूक्ष्म फवारा मारला तर हे बरेच कमी होते. कॉफी करणाऱ्यांना हा उपाय आधीपासून ठाऊक होता. 2023 मध्ये ऑरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोगांतून त्याला आधार दिला. ग्राइंडरच्या निवडीत त्यामुळे हा मुद्दा दुय्यम मानावा.

हाताचा की विजेचा, हा प्रश्न पैशांचा आणि मनगटाचा आहे. त्याच किमतीत हँड ग्राइंडरचे बर्र आणि जुळणी बहुधा सरस मिळते, कारण मोटरचा खर्च त्यात नसतो. पण एस्प्रेसोसाठी 18 ग्रॅम दाणे दळायला मिनिटभर जोर लावावा लागतो, आणि हलक्या भाजणीचे कडक दाणे असतील तर त्याहून अधिक. एकट्यासाठी हे ठीक आहे. पाहुण्यांना ओळीने चार कप द्यायचे असतील तर नाही. मशीनमध्येच बसवलेला ग्राइंडर जागा वाचवतो, पण त्यात पायऱ्या अनेकदा मोजक्या असतात आणि एक भाग बिघडला की दोन्ही कामे अडतात. मी तो सुचवणार नाही. जुना ग्राइंडर घेण्यास मात्र हरकत नाही. रोज 36 ग्रॅम दळणाऱ्या घरात वर्षाला सुमारे 13 किलो कॉफी दळली जाते, तर चांगले पोलादी बर्र शेकडो किलो चालतात. बर्र उघडून दातांच्या कडा बोटाला धारदार लागतात का आणि खडा अडकून कुठे तुकडा उडालेला नाही ना, एवढे नीट पाहून घ्यावे.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी ग्राइंडरवर प्रत्यक्ष कॉफी करून पाहावी. एकाच आकड्यावर, त्याच वजनाचे तीन कप लागोपाठ करावेत आणि वेळ नोंदवावी. तिन्ही वेळा दोन-तीन सेकंदांच्या फरकात आल्या तर दळणात सातत्य आहे. मग सर्वांत लहान पायरी बारीककडे नेऊन चौथा कप करावा. वेळ चार-पाच सेकंदांनी वाढली तर उत्तम. एकदम पंधरा सेकंदांनी उडी मारली तर दुसरा ग्राइंडर पाहावा.

नवा ग्राइंडर घरी आल्यावर पहिल्या काही किलोंपर्यंत बर्रच्या ताज्या कडा बसत जातात आणि आकडा हळूहळू सरकतो, तेव्हा सुरुवातीच्या कपांवरून त्याच्याबद्दल कायमचे मत बनवू नये. विजेच्या ग्राइंडरमध्ये दळण बारीककडे नेताना मोटर चालू ठेवावी, नाहीतर पात्यांमध्ये अडकलेले कण दाबले जाऊन ग्राइंडर जाम होतो. महिन्यातून एकदा तो उघडून कोरड्या ब्रशने तेलकट भुकटी झाडावी, पोलादी बर्रना पाणी लावू नये, आणि पुन्हा जोडल्यावर बर्र एकमेकांना टेकण्याचा बिंदू किंचित हलला आहे का ते तपासून आपला आकडा नव्याने लिहून ठेवावा.